डांबर संपतं तिथं

तिने जुने बूट काउंटरवर ठेवले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मासे आणावेत तसे.
"थोडा रस्ता, थोडी पायवाट," गार्बिन्ये म्हणाली,
"दोन्हीकडे चालेल असं काही दे."

अस्पेइतियात बुटांचं दुकान चालवायचं
म्हणजे हे वाक्य दिवसातून चारदा ऐकायचं.
नदीकाठी गुळगुळीत डांबर,
आणि मान वर केली की इसारैत्सचा चुनखडीचा कडा.
इथे पळणाऱ्या कुणालाच
एका प्रकारची जमीन पुरत नाही.

दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात.
माझं पोट त्या पायांवरच चालतं.

"किती रस्ता, किती पायवाट?"
"निम्मं निम्मं."

मी बूट उलटे केले.
माणसं तोंडाने सांगतात ते मी ऐकून घेतो,
विश्वास ठेवतो तो तळांवर.
टाचेची बाहेरची कड डांबराने तासलेली,
चवड्याखालचे खुंट झिजून सपाट,
खाचांत नुसती राखाडी कच.
चिखलाचा कण नाही,
बीचच्या कुजक्या पानाचा तुकडा नाही.
पायवाटेसाठी घेतलेला जोड
पायवाटेवर एकदाही गेला नव्हता.

हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं?
मी माझी नेहमीची पोथी उघडली:
हे पाच मिलिमीटरचे खुंट, चिखल घट्ट धरतात,
पण डांबरावर टपटपतात आणि लवकर मरतात.
हा रस्त्याचा, लोण्यासारखा,
ओल्या पानांवर मात्र तुला मागे टाकून एकटाच पुढे जाईल.
आणि हा मधला. साडेतीन.
दोन्हीकडे बरा, कुठेच उत्तम नाही,
माझ्यासारखा.

ती हसली नाही.
बेकरीपर्यंत पळून आली.
"चावत नाही."
"रोज कुठून जातेस?"
"दफनभूमी, मग लाकडाची गिरणी, मग फाटक."
"डांबर तिथंच संपतं."
"हो."
"मग?"
"मग फाटक."

फाटकाच्या वर जंगल, जंगलाच्या वर कुरण,
कुरणात तिचा भाऊ आन्चोन
आणि त्याच्या एकशे दहा मेंढ्या.
आई गेली त्या वर्षी
दूध तापवायच्या तांब्याच्या हंड्यावरून
दोघं बोलायचे थांबले. साऱ्या गावाला ठाऊक आहे.
हंडा शेवटी कुणाकडे गेला
ते मात्र आता कुणालाच आठवत नाही.

मी अर्धा नंबर मोठा काढला.
"उतारावर बोटं पुढे सरकतात, नखं काळी पडतात."
"उतारावर?" तिने माझ्याकडे पाहिलं.
"मी चढणार आहे असं कुणी सांगितलं?"

काही प्रश्न असे असतात
की दुकानदाराने सुट्टे पैसे मोजत राहावं.
मी दोनदा मोजले.

नोव्हेंबरात आली, तुटकी नाडी मुठीत धरून.
बूट काउंटरवर आपटले.
"फसवलंस मला.
ओल्या दगडावर साबणासारखे घसरतात."
गुडघ्याला खरचटलं होतं, ताजं.
माझा भाचा उनाइ माफी मागायला लागला,
बदलून देऊ म्हणाला,
त्याला मी आत खोकी मोजायला पाठवलं.

नवी नाडी ओवता ओवता
बूट जरासा कलता केला.
खुंटांना तांबूस माती, वाळून घट्ट झालेली.
आणि डाव्या चवड्याखाली, तिसऱ्या खाचेत,
लोकरीचा एक मळका तुरा.

काढून टाकू का, असं विचारणार होतो.

"नाडीचे तीन युरो," म्हणालो.
"अडीच," ती म्हणाली. "त्या गुडघ्याचे."